दिवेलागणीचा तास: उजेडाने गुन्हे खरंच कमी होतात का?

कुलूप तेच, कपाट तेच, चोरीला गेलेलं सोनंही तेवढंच. तरी घरफोडी दिवसाउजेडी झाली तर चोराला जास्तीत जास्त १० वर्षांची शिक्षा होऊ शकते आणि सूर्य मावळल्यावर झाली तर १४ वर्षांची. जुन्या भारतीय दंड संहितेत यासाठी ४५४ आणि ४५७ अशी दोन वेगळी कलमं होती. गुन्ह्यांच्या बातम्या नेमाने वाचणाऱ्यांना ‘कलम ४५७, ३८०’ ही जोडी तोंडपाठ असेल (३८० म्हणजे घरातली चोरी). १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलमाचा आकडा ३३१ झाला, पण सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतल्या घरफोडीला जास्त शिक्षा, ही तरतूद तशीच राहिली.

अंधार गुन्हेगाराला साथ देतो, हे कायद्याने धरूनच ठेवलंय. आपणही तेच धरून चालतो. एखाद्या रस्त्यावर कुणाची सोनसाखळी ओढली गेली की दुसऱ्या दिवशी नगरसेवकाकडे पहिली मागणी दिव्यांची जाते. मागणी रास्तच असते. पण दिवे लागल्यावर गुन्हे किती कमी होतात, कुठले कमी होतात आणि कुठल्या गुन्ह्यांवर दिव्यांचा काहीच परिणाम होत नाही, हे फारसं कुणी विचारत नाही. यावर परदेशात भरपूर अभ्यास झालाय आणि त्यातून निघालेल्या काही गोष्टी आपल्या शहरांसाठी फार कामाच्या आहेत.

आधी हे मोजणं अवघड का, ते बघू. अंधाऱ्या गल्लीत गुन्हे जास्त आढळले म्हणून लगेच अंधाराला दोषी धरता येत नाही. ज्या वस्तीत दिवे बंद पडलेले असतात, तिथे बहुधा कचराही वेळेवर उचलला जात नाही, गस्तही कमी असते आणि हाताला कामही कमी असतं. यातल्या कशामुळे गुन्हे वाढले? शिवाय पालिका नवे दिवे लावते ते गुन्हे आधीच वाढलेल्या ठिकाणी. मग कागदावर दिवे आणि गुन्हे एकत्रच वाढताना दिसतात. आणि रात्र म्हणजे नुसता अंधार नसतो. दुकानं बंद झालेली असतात, बस कमी झालेल्या असतात, दारू प्यालेली माणसं रस्त्यावर असतात. या सगळ्यातून एकट्या उजेडाचा परिणाम वेगळा काढायचा, तर बाकी सगळं जिथल्या तिथे राहून फक्त उजेड बदलला पाहिजे.

अशी संधी अमेरिकेत घड्याळाने दिली. मुलं अमेरिकेत असलेल्या आईवडिलांना हा प्रकार नीट माहीत असतो: मार्चमधल्या एका रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि फोन करायची वेळ बदलते. सूर्याच्या हिशेबाने काहीच झालेलं नसतं, पण काल संध्याकाळी साडेसहाला जिथे अंधार होता तिथे आज साडेसहाला लख्ख उजेड असतो. ऑफिस सुटायची वेळ तीच, बस तीच, स्टॉपपासून घरापर्यंतचा रस्ताही तोच.

जेनिफर डोलिॲक आणि निकोलस सँडर्स या दोन अर्थतज्ज्ञांनी नेमका याचाच उपयोग करून घेतला. अमेरिकेने २००७ पासून घड्याळ पुढे करण्याची तारीख वसंतात तीन आठवडे अलीकडे आणली होती, त्यामुळे तुलनेला आणखी एक धागा मिळाला. घड्याळ बदलण्याच्या लगेच आधीचे आणि लगेच नंतरचे दिवस त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: संध्याकाळच्या ज्या तासाला जादा उजेड मिळाला, त्या तासात रस्त्यावरची लूटमार २७ टक्क्यांनी घटली आणि पूर्ण दिवसाचा हिशेब धरला तर ७ टक्क्यांनी.

इथे लगेच शंका येते की संध्याकाळचा उजेड सकाळकडून उसना घेतलेला आहे, सकाळचा तास आता अंधारात गेलाय, मग लूट सकाळी व्हायला हवी. तसं झालं नाही. पहाटे रस्त्यावर माणसं कमी असतात आणि लुटारूही कमी असतात. उजेडाची किंमत चोवीस तास सारखी नसते, ही या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. सूर्य मावळल्यानंतरचा तास, म्हणजे आपल्याकडची दिवेलागणीची वेळ, सगळ्यांत महाग. कारण अंधार पडलेला असतो आणि माणसं अजून घरी पोचलेली नसतात.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ मध्ये एक साधी मांडणी केली होती. गुन्हा घडायला तीन गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी जमाव्या लागतात: गुन्हा करायला तयार असलेला माणूस, त्याला सोयीचं सावज, आणि अडवू शकेल अशा कुणाचाही अभाव. अडवणारा पोलीसच असायला हवा असं नाही. पानवाला, वॉचमन, गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या काकू, स्टॉपवर थांबलेले चार लोक, कुणीही चालतं. दिवा हात धरून चोराला थांबवू शकत नाही. या लोकांना दिसतं आणि आपण त्यांना दिसतोय हे चोराला कळतं, एवढंच दिव्याचं काम. म्हणून जिथे बघणारं कुणी नाही तिथे दिव्याचं कामच उरत नाही.

दिवसाच्या घरफोड्या एवढ्या का होतात, तेही यावरून कळतं. नवराबायको कामावर, मुलं शाळेत, अकरा ते चारच्या दरम्यान मजलाच्या मजला रिकामा. उजेड भरपूर, पण बघणारं कुणी नाही. सोनसाखळी चोरांचंही तसंच. सकाळी फिरायला किंवा देवळात निघालेल्या बाईच्या मागून मोटारसायकल येते, तेव्हा उजेड असतो आणि रस्ता मोकळा असतो. साखळी केवढी आहे ते चोराला दिसावं लागतं आणि भरधाव निघून जायला पुढचा रस्ताही. उजेड त्यालाही उपयोगी पडतो.

आता रस्त्यावरच्या दिव्यांकडे येऊ. यातला सर्वांत काटेकोर प्रयोग न्यू यॉर्कमध्ये २०१६ साली झाला. तिथल्या सार्वजनिक गृहवसाहतींपैकी, म्हणजे साधारण आपल्या म्हाडाच्या मोठ्या वसाहतींसारख्या पण शहराच्या मालकीच्या भाड्याच्या घरांपैकी, गुन्हे जास्त असलेल्या ८० वसाहती निवडल्या गेल्या. त्यातल्या कुठल्या ४० वसाहतींना नवे दिवे मिळणार हे सोडतीने ठरवलं. सोडत महत्त्वाची, कारण तिच्यामुळे ‘वाईट वस्तीलाच दिवे मिळाले’ किंवा ‘वशिल्याच्या वस्तीला मिळाले’ ही शंकाच उरत नाही. रस्त्याची कामं रात्री चालतात तेव्हा जनरेटरवर चालणारे उंच प्रखर दिवे असतात, तसे डिझेलवरचे फिरते मनोरे आणून उभे केले आणि सहा महिने ठेवले. ॲरन चॅल्फिन आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा इमारतींबाहेर रात्री होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झालेले आढळले.

हा आकडा मोठा आहे, पण तो तसाच्या तसा उचलून आपल्या सोसायटीच्या रस्त्याला लावता येणार नाही. ते दिवे अतिशय प्रखर होते. जागा दाट वस्तीच्या होत्या, खाली अंगणात माणसं आणि वर शेकडो खिडक्या. शिवाय आधी गुन्हे खूप होते, त्यामुळे घटायला वाव होता. जगभरातल्या अभ्यासांची एकत्रित बेरीज यापेक्षा बरीच सौम्य आहे. डेव्हिड फॅरिंग्टन आणि ब्रँडन वेल्श या गुन्हेशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधले १३ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा घट साधारण २० टक्के दिसली. पुढे अभ्यासांची संख्या वाढली आणि २०२२ च्या आढाव्यात ही घट १४ टक्क्यांवर आली. त्यातही परिणाम चोऱ्यांसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांवर दिसला, हिंसक गुन्ह्यांवर नाही.

२००२ च्या आढाव्यात एक विलक्षण गोष्ट दडलेली होती. ज्या ठिकाणी दिव्यांमुळे गुन्हे कमी झाले, तिथे ते रात्रीइतकेच दिवसाही कमी झाले! भर दुपारी बंद असलेला दिवा चोराला कसा अडवेल? फॅरिंग्टन आणि वेल्श यांचं म्हणणं असं की नवे दिवे म्हणजे आपल्या वस्तीकडे कुणाचं तरी लक्ष आहे याची खूण असते. लोक संध्याकाळी जास्त बाहेर पडतात, ओळखी वाढतात, परका माणूस लगेच लक्षात येतो, आणि ही जाग दिवसाही टिकते. यावर वाद आहे. दिवे लावताना सहसा रस्ता, झाडं, साफसफाई असं बरंच काही एकत्र सुधारतं, मग श्रेय दिव्यांनाच का द्यायचं, असा आक्षेप घेतला जातो आणि तो मला वजनदार वाटतो. तरी वस्ती जागी झाली की गुन्हे घटू शकतात, ही शक्यता माझ्या लेखी मोठी आहे.

इंग्लंडमधून मात्र उलट्या दिशेचा पुरावा आला. वीजबिल आणि प्रदूषण कमी करायचं म्हणून तिथल्या अनेक स्थानिक संस्थांनी दिवे मंद केले, मध्यरात्रीनंतर बंद ठेवले, काही ठिकाणी कायमचे काढले. लोक घाबरले, वर्तमानपत्रांतून आरडाओरडा झाला. लंडनच्या सार्वजनिक आरोग्य संशोधकांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांची आकडेवारी तपासली. २०१५ मध्ये त्यांनी सांगितलं की दिवे कमी केल्याने गुन्हे किंवा अपघात वाढल्याचा पुरावा मिळत नाही. पुढे थेम्स व्हॅली भागात रस्त्यागणिक तपासणी झाली, तेव्हा आणखी बारीक चित्र दिसलं. मध्यरात्रीनंतर दिवे बंद असणाऱ्या रस्त्यांवर उभ्या गाड्यांमधून होणारी रात्रीची चोरी जवळपास निम्म्याने घटली. शेजारच्या उजेडी रस्त्यांवर ती वाढली.

विचार केला तर हे पटतं. रात्री अडीच वाजता रस्त्यावर चिटपाखरू नाही. दिवा असेल तर कोणत्या गाडीच्या सीटवर बॅग पडलीय ते चोराला चालता चालता दिसतं. दिवा नसेल तर त्याला टॉर्च काढावा लागतो, आणि निजलेल्या गल्लीत गाड्यांच्या काचांवरून फिरणारा टॉर्च झोप न येणाऱ्या एखाद्या आजोबांच्या नजरेत लगेच भरतो. इथेही निर्णय नजरेनेच केला, दिव्याने नाही.

शिकागोतले दोन अनुभवही यात धरले पाहिजेत. १९९८ मध्ये तिथे इमारतींमागच्या बोळांतले ९० वॉटचे दिवे काढून २५० वॉटचे लावायला घेतले. पुढे तपासलेल्या भागात नोंदलेले गुन्हे २१ टक्क्यांनी वाढले. याचा एक संभाव्य अर्थ असा की पूर्वी जे कुणाला दिसत नव्हतं ते आता दिसू लागलं आणि पोलिसांत गेलं. गुन्ह्यांची आकडेवारी वाचताना हे भान ठेवावंच लागतं: आपल्याकडे असतात ते नोंदलेले गुन्हे, घडलेले सगळे नाहीत. दुसरा अनुभव नंतरचा. त्याच शहरात दिवे बंद पडल्याच्या नोंदी आणि गुन्ह्यांच्या नोंदी जुळवून पाहिल्या, तर ज्या रस्त्यावर दिवे गेले तिथे फारसा फरक नव्हता आणि जवळपासच्या रस्त्यांवर गुन्हे वाढले होते. अंधाऱ्या रस्त्यावरून लोक जाणं टाळतात, वळसा घालून पलीकडून जातात, आणि सावज जिकडे तिकडे चोर. खांब एका गल्लीतला बंद पडतो, त्रास दुसऱ्या गल्लीला होतो.

दिवे किती, यापेक्षा दिवे कसे, हा प्रश्न आपल्याकडे अगदीच दुर्लक्षित आहे. याचा अनुभव घ्यायला एक रात्र पुरे. कंपाउंडच्या भिंतीवर किंवा गेटच्या खांबावर उघडा प्रखर एलईडी बसवलेला असेल, तर त्याच्यापासून पंधरावीस पावलं लांब, त्याच्याकडे तोंड करून उभं राहा. झगझगाट दिसेल, गेटपाशी कोण उभं आहे ते नीट दिसणार नाही. आता तळहात डोळ्यांच्या वर असा धरा की फक्त दिवा झाकला जाईल. त्याच क्षणी गेटजवळचा माणूस, त्याचा शर्ट, हातातली पिशवी स्पष्ट होते. हा दिवा सुरक्षेसाठी लावलेला असतो आणि तो लपणाऱ्यालाच आडोसा देतो. त्याची टोपी खाली वळवली, उजेड डोळ्यांऐवजी जमिनीवर आणि येणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडेल असं केलं, तर कमी वॉटमध्ये जास्त दिसतं.

तसंच खांबांमधल्या अंतराचं. एका खांबाखाली लख्ख आणि दोन खांबांमध्ये काळोख असेल, तर उजेडातून अंधारात शिरताना डोळे काही काळ निकामीच असतात. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि चालणाऱ्याला पुढच्या खांबापर्यंत पोचायला अर्धं मिनिटही लागत नाही. त्यामुळे एका जागी ओतलेल्या प्रखर उजेडापेक्षा सगळीकडे सारखा पसरलेला मध्यम उजेड बरा. चौकातल्या हायमास्टचं उद्घाटन थाटात होतं, फोटो चांगला येतो, पण त्याने आतल्या गल्ल्यांचं काहीच भलं होत नाही. रंगाचाही मुद्दा आहे. जुन्या पिवळ्या सोडियमच्या दिव्यात निळा, हिरवा, काळा शर्ट सारखेच दिसतात आणि पोलिसांना वर्णन देताना माणूस अडखळतो. पांढऱ्या एलईडीत रंग ओळखता येतात, हा बदल चांगलाच झाला. मात्र तो दिवा गुलमोहराच्या किंवा वडाच्या फांद्यांच्या वर असेल, तर रात्रभर पानं उजळतात आणि फूटपाथ अंधारातच राहतो. त्यासाठी नवा खांब लागत नाही, फांद्या छाटाव्या लागतात.

अंधार पडला की माणसं मोकाट सुटतात, असंही समजायचं कारण नाही. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी वीज जाऊन न्यू यॉर्कसह अमेरिकेचा ईशान्य भाग काळोखात गेला. आकाशात पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र होता, लोकांनी एकमेकांना वाट दाखवली, सामान्य नागरिकांनी चौकात उभं राहून वाहतूक सांभाळली. त्याच शहरात १३ जुलै १९७७ च्या रात्री वीज गेली आणि १,६०० हून अधिक दुकानं लुटली किंवा फोडली गेली, हजारावर आगी लागल्या, ३,७०० हून जास्त लोकांना अटक झाली. मधल्या काळात महापालिका दिवाळखोरीच्या तोंडाशी येऊन नोकरकपात करून बसली होती, बेकारी वाढली होती, उन्हाळा असह्य होता. २००३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा शहर अंधारात गेलं, तेव्हा लोक शांतपणे पूल ओलांडून चालत घरी गेले. शहराची वीज तीनदा गेली, आणि तीनही वेळा लोक कसे वागले ते शहराच्या त्या वेळच्या अवस्थेने ठरवलं.

आता भीतीबद्दल, कारण तिची किंमत गुन्ह्यांच्या रजिस्टरमध्ये कधीच लिहिली जात नाही. लंडनच्या वाँड्सवर्थ भागात सुमारे ३,५०० नवे दिवे लावल्यानंतर १९९१ मध्ये अहवाल आला: गुन्हे कमी झाल्याचं दिसलं नाही, पण बायकांना रस्त्यावर जास्त सुरक्षित वाटू लागलं. काहींनी याला अपयश म्हटलं. मला ते पटत नाही. संध्याकाळचा क्लास सोडणारी मुलगी, उशिराची पाळी नाकारणारी नर्स, रिक्षाला रोज जादा पैसे मोजणारी दुकानातली कामगार, या सगळ्या जणी अंधाराची किंमत गुन्हा न घडताही भरत असतात. त्या बाहेर पडू लागल्या की रस्त्यावर माणसं वाढतात, आणि वर म्हटलेली गुन्ह्याची तिसरी अट, अडवणाऱ्याचा अभाव, मोडायला लागते.

भारतात या दिशेने नीट काम झालं ते १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर. कल्पना विश्वनाथ आणि आशिष बसू यांनी २०१३ मध्ये ‘सेफ्टीपिन’ हे ॲप सुरू केलं. रस्त्याची सुरक्षितता त्यात नऊ निकषांवर जोखली जाते. उजेड त्यातला फक्त एक. जागा मोकळी आहे की आडोशांची, दुकानं आणि खिडक्यांतून रस्ता दिसतो का, लोक आहेत का, त्यात बायका आणि मुलं आहेत का, चालायला फूटपाथ आहे का, बस किंवा रिक्षा किती जवळ, हे बाकीच्यांपैकी काही निकष. दिल्लीत गाड्यांवर कॅमेरे लावून रात्री फोटो काढले गेले आणि २०१६ मध्ये ७,००० हून अधिक अंधाऱ्या जागा सापडल्या. यादी महापालिकांकडे गेली, २०१८ पर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त उजळल्या. पुढे निर्भया निधीतून दिल्ली, मुंबईसह आठ शहरांसाठी सुरक्षित शहर योजना आली आणि तिच्यातही दिव्यांना जागा मिळाली.

आपल्या राज्यात खांब उभे करण्यासाठी पैसा मिळतो, पण उभा केलेला खांब चालू ठेवायला मिळत नाही. २०२१ मध्ये वीजबिलाच्या थकबाकीपायी अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीजच तोडली गेली आणि गावंच्या गावं आठवडेच्या आठवडे काळोखात राहिली. शहरात केबल तुटते, पॅनेलमध्ये पाणी शिरतं, आणि एका पॅनेलवरचे सगळे दिवे एकदम जातात.

वेळेचा घोळही तेवढाच. मुंबईत जुलैच्या सुरुवातीला सूर्य ७:२० च्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला ६ वाजता. नागपूर बरंच पूर्वेला असल्याने तिथे डिसेंबरात साडेपाचलाच मावळतो. घड्याळ मात्र देशभर एकच. त्यामुळे दिवे ठरावीक वेळेच्या टायमरवर असतील आणि तो उन्हाळ्यात लावून तसाच राहिला असेल, तर हिवाळ्यात तासभर अंधार राहतो, आणि तोही बरोबर शाळा, क्लास, ऑफिस सुटण्याच्या वेळी. अमेरिकेतल्या अभ्यासात लूट २७ टक्क्यांनी घटली होती ती याच तासात. इथे नवा खर्च काहीच नाही, टायमर पुढेमागे करायचा आहे किंवा उजेड ओळखणारा सेन्सर बसवायचा आहे.

म्हणून वॉर्ड ऑफिसात जाताना नुसतं ‘आमच्या भागात दिवे हवेत’ असं लिहून देऊ नका. बसस्टॉप किंवा स्टेशनपासून आपल्या गेटपर्यंत एकदा चालत या आणि लिहून काढा: सूर्य किती वाजता मावळला, दिवे किती वाजता लागले, कोणत्या क्रमांकाचे खांब बंद आहेत, कोणत्या दिव्यासमोर फांदी आहे, कुठला दिवा डोळ्यांत जातो, आणि कुठल्या टप्प्यात रस्त्याकडे उघडणारं एकही दार किंवा दुकान नाही. सोबत मोबाइलवर काढलेले फोटो जोडा, त्यावर वेळ उमटू द्या. ही फेरी डिसेंबरात मारायची, नागपूरकरांनी साडेपाच ते आठ या वेळेत, मुंबईकरांनी सहा ते नऊमध्ये, आणि शक्यतो त्या रस्त्याने रोज एकटीने परतणाऱ्या एखादीला बरोबर घेऊन.